आधीचा फोटो

आमच्या घरासमोर बाग आहे असं मी साताऱ्याच्या नातेवाइकांना सांगायचे, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काय यायचं कोण जाणे. इथे जयपूरच्या झोटवाड्यात बाग म्हणजे चारी बाजूंनी बुटकी भिंत, मध्ये उन्हाने पिवळी पडलेली हिरवळ, बंद पडलेलं कारंजं, पंपाची खोली आणि कडेकडेने फिरायला लाल-पिवळ्या फरशांचा रस्ता. त्या रस्त्याच्या आतल्या अंगाला कमरेइतक्या उंचीचं लोखंडी पाइपचं रेलिंग होतं. फाटकापाशी सुरू व्हायचं आणि पूर्ण फेरी मारून परत फाटकापाशी यायचं. ते कोणी आणि कशासाठी लावलं होतं, मला ठाऊक नाही. बहुतेक हिरवळीवर लोकांनी जाऊ नये म्हणून असावं. लोक त्याच्याखालून वाकून जायचेच. माझ्या लेखी मात्र ते रेलिंग आमच्या ह्यांच्यासाठीच लावलेलं होतं.

हे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेवटचं पोस्टिंग जयपूरचं, मुलाची शाळा इथली, तेव्हा इथेच लहानसं घर घेतलं. आमच्या गल्लीत निम्मे लोक फौजी आहेत, त्यामुळे करमायला वेळ लागला नाही. मग काचबिंदूने ह्यांची नजर कडेकडेने जायला लागली. आधी बाजूने येणारी स्कूटर दिसेना, मग ताटातली डावी बाजू दिसेना, मग शेजारी बसलेली मी. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. ह्यांनी ते ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या नजरेने ती बाग पाठ करायला घेतली. कुठे फरशी उचकटली आहे, कुठे नळ गळतो म्हणून निसरडं असतं, कुठल्या वळणावर कण्हेर अंगाला लागते, सगळं. दिसायचं पूर्ण थांबलं तोवर बाग त्यांना डाव्या हाताने वाचता यायला लागली होती.

रोज सकाळी ते बूट घालून निघायचे. गल्ली ओलांडेपर्यंत मी आमच्या दारात उभी असायचे. बागेच्या फाटकाला हात लागला की मागे न वळता ते एक हात वर करायचे. म्हणजे, जा आता तू. मग डावा हात रेलिंगवर ठेवून चालू पडायचे, ताठ, कोणाचीही मदत न घेता. नवखा माणूस बघत असेल तर त्याला कळायचंसुद्धा नाही की ह्या माणसाला दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर तो वेळ माझाही होता. दिवसभर 'अगं, पाण्याचा तांब्या कुठे सरकवलास' आणि 'अगं, खुर्ची कोणी हलवली' ऐकणाऱ्या बाईला सकाळचा एक चहा एकटीने पिता येणं म्हणजे काय, ते त्या बाईलाच विचारावं.

मुलगा पुण्याला असतो. त्याचा घोशा एकच, इकडे या, सोसायटीत जॉगिंग ट्रॅक आहे, लिफ्ट आहे. ह्यांचं उत्तरही एकच. "तिथलं मी काहीच बघितलेलं नाही." मग मी फोन ठेवायचे.

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी आंधी आली. जयपूरला आंधी नवी नाही. आभाळ पिवळट तपकिरी होतं, खिडक्या लावेपर्यंत दातांत रेती येते, वीज जाते, कोणाच्या तरी गच्चीवरचा पत्रा कोणाच्या तरी अंगणात पडतो. पण त्या दिवशीच्या वाऱ्याची जातच वेगळी होती. मी पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. तेवढ्यात बाहेर कडाड् असा आवाज झाला आणि जमीन हादरल्यासारखी वाटली.

"सफेदा गेला," हे म्हणाले. निलगिरीला इकडे सफेदा म्हणतात. "पंपाच्या खोलीजवळचा. रेलिंगवर पडलाय."

"तुम्हाला काय माहीत? बाहेर धड दिसत नाही."

"मला कधी दिसतं? लोखंड वाजलं, ऐकलं नाहीस?"

सकाळी बघितलं तर अगदी तसंच झालं होतं. सफेदा आडवा पडला होता आणि त्याच्याखाली रेलिंगचा एक मोठा तुकडा पार चेपून जमिनीला टेकला होता. मुळांनी फरशा उखडून वर आणल्या होत्या, शेजारी माणूस उतरेल एवढा खड्डा. बाकी ठिकाणी फांद्यांचा खच. मी घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. रेलिंगचं सांगताना जरा कमी करून सांगितलं.

आमच्या पलीकडे शेखावाटीकडचे एक निवृत्त हवालदार राहतात. ह्यांना साब म्हणतात, मला भाभीजी, आणि गल्लीतली कुठलीही बातमी पेपरच्या आधी आणतात. शहरातल्या बागांच्या सफाईसाठी तातडीचा पैसा मंजूर झालाय, असं तेच सांगत आले. पेपरातही तसं होतं. बागांच्या खात्याचा जेईएन, म्हणजे ज्युनियर इंजिनिअर, प्रत्येक बाग स्वतः येऊन बघणार आणि पडझड झाली असेल तिथे लगेच काम काढणार. आमच्याकडे दोन दिवसांत येणार होता.

"इन्स्पेक्शन आहे म्हणजे," हे म्हणाले, आणि खुर्चीत सरळ होऊन बसले.

आता इथे मला जरा थांबून सांगायला हवं. मी फौजी क्वार्टर्समध्ये संसार केला आहे. कुठल्याही छावणीत साहेब बघायला येणार म्हटलं की काय होतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. रस्त्याकडेच्या दगडांना गेरू आणि चुना लागतो. झाडांच्या बुंध्यांना पट्टे ओढले जातात. गळायला आलेली पानं आधीच झटकून घेतात, म्हणजे ऐन वेळी साहेबांसमोर पडायला नकोत. साहेब येतात, कुठेही बोट ठेवायला जागा नसते, साहेब खूश होतात आणि मग जे मागायचं ते त्यांच्याकडे मागता येतं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या पुरुषांचं उभं आयुष्य ह्या एका समजुतीवर गेलेलं. त्यात कधी काही चुकलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अख्खी गल्ली बागेत. फावडी, कुदळी, करवती, कोणी तरी भाड्याने आणलेला झाडं कापायचा कटर. लष्करात अशा कामाला फटीक म्हणतात. हे फाटकापाशी खुर्ची टाकून बसले होते, डोक्यावर मी छत्री बांधून दिलेली, आणि न दिसणाऱ्या बागेला हुकूम सोडत होते. "ओंडके मापाने लावा. लहान पुढे, मोठे मागे." "खड्डा दाबून भरा, वरून पाणी मारा." रेलिंगचे चेपलेले पाइप टोकाला फाटले होते, लहान मुलांना लागतील म्हणून हवालदारांनी ते दोन्ही बाजूंनी कापून काढले आणि कापलेली टोकं घासून गुळगुळीत केली. लोखंड पंपाच्या खोलीमागे रचून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हतं. कोणी नेलं ते विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. उखडलेल्या फरशा धुऊन परत बसवल्या. उरलेल्या झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावला. मी पातेलंभर पोहे केले, वर शेव आणि डाळिंबाचे दाणे घातले, दोनदा चहा केला. किती वर्षांनी ह्यांचा आवाज असा ऐकला होता! त्या दिवशी आम्ही सगळे मनापासून खुशीत होतो.

जेईएन आला तो मोटारसायकलवरून. आमच्या मुलाहूनही लहान, पाठीला सॅक, हातात मोबाइल. आत पाऊल टाकलं आणि थबकलाच.

"अरे वाह! इतना साफ?"

हे उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. हवालदारांनी अभिमानाने बाग दाखवली. त्या मुलाने अर्धी फेरी मारली, इकडेतिकडे बघितलं, मग विचारलं, "नुकसान कहाँ हुआ है, सर?"

ह्यांनी हात पुढे केला. बरोबर त्या जागेकडे. "यहाँ रेलिंग थी. पेड़ गिरने से टूट गई. बस, इतनी लगवा दीजिए."

मुलगा तिथे गेला. तिथे काय होतं? सपाट, झाडलेली, पाणी मारलेली जमीन. रेलिंग एका जागी गुळगुळीत संपत होतं आणि थोडं पुढे जाऊन गुळगुळीत सुरू होत होतं, जसं काही मुद्दाम येण्याजाण्यासाठी जागा सोडली असावी.

मग त्याने समजावून सांगितलं. पैसा तातडीचा आहे, आंधीत जे पडलं त्याच्यासाठीच आहे. ठेकेदाराला पैसे मिळतात ते फोटोवर, सफाईच्या आधीचा एक आणि नंतरचा एक. आधीचा फोटो नसेल तर काम नाही, आणि काम नाही तर दुरुस्तीही नाही. "पहले का फोटो है किसी के पास?"

सगळ्यांनी आपापले मोबाइल काढले. गल्लीच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस होता, पण सगळे नंतरचे. फावडी खांद्यावर घेतलेले म्हातारे, चुन्याचे पट्टे, मापाने रचलेले ओंडके, माझे पोहेसुद्धा. एकाकडे गच्चीवरून काढलेला व्हिडिओ निघाला, त्यात नुसती तपकिरी धूळ आणि त्याच्या बायकोचं ओरडणं. पसाऱ्याचा फोटो कोणीच काढला नव्हता. ह्या लोकांपैकी कोणी जन्मात पसाऱ्याचा फोटो काढला नसता. पसारा म्हणजे लाज, तो साहेब यायच्या आत दिसेनासा करायचा, हेच तर शिकवलेलं.

"ओंडके तर आहेत," मी म्हणाले. "ते कुठून आले? आकाशातून पडले?"

त्याने ओंडक्यांचाही फोटो काढला बिचाऱ्याने. पण ते इतके नीट रचलेले की वखारीतला माल वाटावा. जाताना म्हणाला, "ऐसी कॉलोनी हर जगह हो तो हमारा काम ही न रहे, आंटीजी." पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर निदान चार शब्द सुनावता आले असते.

मोटारसायकलचा आवाज लांब गेल्यावर ह्यांनी मला विचारलं, "खूश होता ना?"

"हो," मी म्हणाले.

पुढचे काही महिने मी त्या रेलिंगच्या मागे लागले. ऑटो करून ऑफिसात गेले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथे कळायचं की साहेब जेवायला गेलेत. शेवटी एका भल्या माणसाने बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं, तुमच्या बागेत काही पडलेलं नाही असं नोंदलंय. जे पडलेलं नाही ते दुरुस्त होत नाही. नवं रेलिंग हवं असेल तर ते नवं काम, त्याचा पैसा वेगळा, प्रस्ताव वेगळा, आणि ह्या वर्षी नवी कामं बंद आहेत कारण पैसा आंधीकडे गेला. मी म्हटलं, "भैया, मग आमच्या आंधीचा पैसा कुठे गेला?" तो हसला. मलाही हसू आलं, इतकी चीड आली होती.

येताना ऑटोवाल्याने सी-स्कीम ह्या श्रीमंत वस्तीकडून घेतलं. तिथल्या एका मोठ्या बागेत फांद्या अजून तशाच पडलेल्या होत्या. दोन माणसं कुऱ्हाडी बाजूला ठेवून पडलेल्या झाडावर निवांत बिडी ओढत होती. फोटोवाला यायचा होता. पुढे एकदा बँकेच्या कामाला त्याच रस्त्याने गेले तर तिथे हिरव्या रंगाचं नवंकोरं रेलिंग चमकत होतं. तिथल्या लोकांना फौजी शेजारी नव्हते, एवढंच त्यांचं नशीब.

हवालदारांनी त्यांच्या परीने सोय केली. मधल्या जागेत लोखंडी खुंट्या ठोकून नायलॉनचा दोर बांधला, चांगला ताणून. ह्यांनी तो हाताने चाचपून बघितला, हवालदारांना शाबासकी दिली आणि दुसऱ्या दिवशी निघाले. मी दारातच उभी राहिले, चहा गॅसवर तसाच. दोरापर्यंत ठीक गेले. दोराला हात लागला आणि पाऊल लहान झालं. मग अजून लहान. खड्डा भरला होता तिथली माती आतून खचली होती, ते आम्हाला कोणालाच कळलेलं नव्हतं. त्यांचा पाय आत गेला आणि ते गुडघ्यांवर पडले. मी धावत पोचेपर्यंत उठून उभे होते. पँट झटकत होते.

"लागलं का?"

"दोर हलतो गं," एवढंच म्हणाले. "हाताला कळत नाही आपण कुठे आहोत."

दोर पुढे कोणीतरी झोका बांधायला नेला. मग मी त्यांच्याबरोबर जायला लागले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर. चालणं एक, पण दोघांचे दोन स्वभाव. मी भरभर चालते म्हणून ते चिडायचे, मी हळू झाले की म्हणायचे, मी काय पेशंट आहे? समोरून कोणी आलं की खांद्यावरचा हात काढून घ्यायचे आणि नुसतेच उभे राहायचे, जणू काही दोघं गप्पा मारायला थांबलो आहोत. मला ते बघवायचं नाही. आणि माझा सकाळचा चहा गेला ह्याचंही मला वाईट वाटायचं, ते का लपवू? हळूहळू कारणं सुरू झाली. आज ऊन फार आहे. आज धुकं आहे. आज गुडघा धरलाय. एक दिवस त्यांनी बूट मागितलेच नाहीत आणि मीही काढून दिले नाहीत.

पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा आंधी आली. ह्या वेळी गुलमोहर मधोमध फाटला आणि भिंतीचा एक भाग आत कोसळला. हवालदार सकाळीच आले. "साब, इस बार कोई हाथ नहीं लगाएगा." त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले, जवळून, लांबून, हातात त्या दिवशीचा पेपर धरूनसुद्धा. जिथे जिथे पाठवता येतील तिथे पाठवले. गल्लीतला एकही माणूस बागेत फिरकला नाही. सवयीने कोणी काटकी उचलली तर दुसरा ओरडायचा. सगळे जण दारात उभे राहून त्या पसाऱ्याकडे बघत वाट बघायचे.

कोणी आलं नाही. फोन करून करून एकदा उत्तर मिळालं ते असं, की तुमच्या बागेची देखभाल रहिवासी स्वतः करतात असं आमच्याकडे आहे, आधी जिथे कोणी करत नाही तिथली कामं होतील. आधीचे फोटो आता ढीगभर होते. गुलमोहराची पानं वाळून गळली, फांद्यांत कागद आणि पिशव्या अडकल्या, बकऱ्या यायला लागल्या. ज्या बाजूचं रेलिंग शाबूत होतं तो रस्ताही आता फांद्यांनी बंद झाला.

एका संध्याकाळी हवालदार आमच्याकडे येऊन बसले. मग म्हणाले, "साब, हुकुम हो तो कल फटीक लगा दें?"

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. माझे हात थांबले. मला वाटलं, आता हे खुर्चीत सरळ होऊन बसतील.

"रहने दो, हवालदार," हे म्हणाले.

एवढ्या वर्षांत ह्यांनी पडलेली वस्तू पडलेली राहू दिली, असं कधी झालं नव्हतं. मला तेव्हा मुळापासून भीती वाटली. नजर गेली तेव्हासुद्धा एवढी वाटली नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला पहाटे नेहमीपेक्षा उशिरा जाग आली. शेजारी हे नव्हते. बाहेर येऊन बघितलं तर आमच्या घरातल्या बोळात, दारापासून मोरीपर्यंत जो अरुंद बोळ आहे त्यात, ते चालत होते. डावा हात भिंतीवर. मोरीशी पोचले की वळायचे, मग उजवा हात भिंतीवर. पायांत फिरायचे बूट होते, नाड्या नीट दुहेरी गाठ मारून बांधलेल्या. ते त्यांनी एकट्याने शोधून काढून घातले होते.

माझी चाहूल लागली तसे थांबले. "झोप तू. मी आहे इथे."

"बाहेर जायचंय का? मी येते."

"नको," ते म्हणाले. "इथं बरं आहे. इथं काही पडत नाही."

मला रडू फुटलं, पण आवाज केला नाही. बोळात चपलांचा स्टँड होता, तो उचलून आत ठेवला. ते पुढे चालायला लागले. मी दाराशी उभी राहिले, आणि त्यांनी काही हात वर केला नाही.